कामिनोला निघताय? आधी पिशवी काट्यावर ठेवा

आळंदी ते पंढरपूर दोनदा चालून झालं होतं, त्यामुळे कामिनो म्हणजे स्पेनमधली वारीच, असं मी धरून चालले होते. चालणं तर येतंच, मग राहिलं काय? बरंच राहिलं होतं. वारीत आपली वळकटी आणि बॅग दिंडीचा ट्रक वाहतो, मुक्कामाला तंबू उभा असतो, पंगत मांडलेली असते. कामिनोत दिंडी नाही. तुमचा ट्रक तुमच्या पाठीवर, आणि विणेकरी, चोपदार, आचारी सगळे तुम्हीच. शिवाय पंढरपूरला जायला व्हिसा लागत नाही.

छप्पन्नाव्या वर्षी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मी हा रस्ता एकटीनं चालले. परत आल्यापासून 'आम्हालाही जायचंय, काय करायचं?' असे फोन येतात. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

१. कुठली वाट, किती दिवस

स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो दे कोम्पोस्तेला नावाचं शहर आहे. येशूच्या शिष्यांपैकी सेंट जेम्स, म्हणजे स्पॅनिशमध्ये सांतियागो, यांची समाधी तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी श्रद्धा आहे. तिथं जाणाऱ्या सगळ्या वाटांना मिळून कामिनो म्हणतात. आळंदीहून, देहूहून, पैठणहून पालख्या निघतात तशाच या वाटाही वेगवेगळ्या गावांहून येतात. नवख्यांनी तीनच ध्यानात घ्याव्यात:

- फ्रेंच वाट, पूर्ण: फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोर या गावापासून. सुमारे ७८० किमी, ३२ ते ३६ दिवस.
- फ्रेंच वाटेचा शेवटचा तुकडा: सार्रियापासून. सुमारे ११५ किमी, ५ ते ६ दिवस.
- पोर्तुगीज वाट: पोर्तोपासून. अडीचशे किमीच्या आसपास, दोन आठवडे धरा.

रजा कमी असेल तर सार्रियाहून निघण्यात कमीपणा काही नाही. यात्रा पूर्ण केल्याचं कोम्पोस्तेला हे प्रमाणपत्र मिळवायला पायी किमान १०० किमी लागतात, आणि सार्रिया त्या अटीत बसतं. मात्र तिथून पुढं गर्दी एकदम वाढते. शाळांच्या सहली, टूरवाल्यांचे जथे, गाणारी पोरं. चार आठवडे शांततेत चालून आलेल्यांच्या कपाळावर तिथं आठ्या पडतात. माझ्याही पडल्या.

२. महिना

एप्रिल अखेर ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनच्या मधल्या पठारावर ऊन भाजून काढतं. हिवाळ्यात बऱ्याच धर्मशाळा बंद असतात आणि पिरनीज डोंगरावरची मुख्य वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंदच ठेवतात.

२५ जुलै हा सेंट जेम्स यांचा दिवस. तो ज्या वर्षी रविवारी येतो ते पवित्र वर्ष, आणि पुढचं पवित्र वर्ष २०२७ आहे. आषाढीला पंढरपुरात असते तशी गर्दी आवडत असेल तर त्या वर्षी जा. नसेल तर ते वर्ष टाळा.

३. व्हिसा: खरी पहिली चढण

फ्रान्समधून सुरुवात केली तरी जास्त दिवस स्पेनमध्ये जाणार, म्हणून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा) स्पेनचाच मागायचा. विमान पॅरिसला उतरलं तरी फरक पडत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका, उन्हाळ्याआधी भेटीच्या तारखाच मिळत नाहीत. मी अडीच महिने आधी गेले. मोठ्यांसाठी फी ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं.

सोबत हे ठेवा:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज, ठरलेल्या मापाचे फोटो
- किमान ३०,००० युरोंचं कवच देणारा प्रवासी वैद्यकीय विमा, सगळ्या दिवसांसाठी
- जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण
- बँकेची स्टेटमेंटं आणि आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर रजेचं पत्र, निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद
- मुक्कामाचा पुरावा
- तुम्ही नेमकं काय करायला चाललात हे सांगणारं एक पानी पत्र

अडतं ते मुक्कामाच्या पुराव्यावर. कामिनोवरच्या सरकारी धर्मशाळांत बहुधा आगाऊ आरक्षण नसतं. जो आधी पोचेल त्याची खाट. खिडकीतल्या मुलीनं माझी फाईल उलटसुलट केली आणि विचारलं, "मॅडम, छत्तीस रात्रींची बुकिंगं कुठे आहेत?" मी तिला कामिनो समजावून सांगायला लागले. मागची रांग चुळबुळायला लागली आणि मी फाईल काखेत मारून घरी आले.

दुसऱ्या खेपेला मी असं केलं: रोज कुठून कुठं, किती किलोमीटर, कुठल्या गावात मुक्काम, असा पूर्ण तक्ता बनवला. प्रत्येक रात्रीसाठी फुकटात रद्द होणारं खासगी आरक्षण केलं आणि पत्रात कामिनोबद्दल चार ओळी लिहिल्या. व्हिसा आला. पुढं बेत जसा बदलला तशी आरक्षणं रद्द करत गेले. खोटी बुकिंगं छापून देणारे एजंट भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक. व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि त्यात राहायचे दिवस किती. दुसरा आकडाच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पाय मुरगळला तर चार दिवस बसून काढावे लागतात, म्हणून अर्जातच पाच-सहा दिवस जास्तीचे धरा. पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका.

४. पिशवी

पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं, हा तिकडचा नियम. माझं वजन ६१ किलो, म्हणजे पिशवी सहा किलोंची हवी. माझी भरली ९ किलो ४०० ग्रॅम. पाणी सोडून. 'एवढं काय, सिंहगडाला पाण्याच्या चार बाटल्या नेतेच की' असं म्हणून मी तशीच निघाले.

तिसऱ्या रात्री पाम्प्लोनाच्या धर्मशाळेत फरशीवर पिशवी उपडी केली. मेतकुटाचा डबा, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, स्टीलची ताटली, जीन्स, भरड टर्किश टॉवेल, खोबरेल तेलाची भली थोरली बाटली, 'एखाद्या चांगल्या दिवसासाठी' म्हणून घेतलेला सिल्कचा कुर्ता आणि एक जाडजूड पुस्तक. शेजारच्या खाटेवरची जर्मन बाई बघत होती. तिनं काही न बोलता स्वतःची पिशवी माझ्या हातात दिली. एका हाताच्या दोन बोटांनी उचलली मी ती.

दुसऱ्या दिवशी पोस्टात खोकं विकत घेऊन अडीच किलो सामान पुढं सांतियागोला पाठवलं. तिथलं पोस्ट यात्रेकरूंचं सामान पोचेपर्यंत सांभाळतं. मेतकूट मात्र दिलं नाही. त्याची कहाणी खाण्याच्या टप्प्यात.

पुरेल ते एवढंच:

- ३० ते ३८ लिटरची पिशवी, कमरपट्टा असलेली. भार खांद्यांवर नाही, कमरेवर यायला हवा
- अंगावर एक आणि पिशवीत एक कपड्यांचा जोड, रात्रीसाठी एक हलका सदरा
- लोकरीचे पातळ मोजे, तीन जोड
- पातळ जॅकेट आणि पिशवीसकट झाकणारा पावसाळी पोंचो
- हलकी स्लीपिंग बॅग, भर उन्हाळ्यात नुसतं चादरीचं अस्तर
- आपला सुती पंचा. टॉवेलपेक्षा हलका, तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो
- मुक्कामावर घालायला रबरी चपला
- कानात घालायचे बोळे. सत्तर खाटांच्या खोलीतलं घोरणं काय असतं ते लिहून सांगता येत नाही
- सेफ्टी पिना डझनभर: न वाळलेले मोजे पिशवीला टाचून चालता चालता वाळवायला
- नेहमीची औषधं, त्यांची चिठ्ठी जेनेरिक नावांसकट

चालायच्या काठ्या घ्या, दोन. पण त्या केबिन बॅगेत चालत नाहीत. मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत माझ्या काढून घेतल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. चेक-इन सामानात टाका, नाहीतर सँ-जाँमध्ये विकत घ्या.

पाठ अगदीच दुखत असेल तर पिशवी पुढच्या मुक्कामावर नेऊन देणाऱ्या सेवा आहेत. एका टप्प्याला साधारण पाच ते सात युरो. त्यात कसलंही पाप नाही. वारीत ट्रक चालतो तर इथं का नको?

५. बूट आणि सराव

नेहमीपेक्षा एक नंबर मोठे बूट घ्या, संध्याकाळी घ्या, मोजे घालून घ्या. दिवसभर चालून पाय सुजतात आणि उतारावर अंगठा पुढं आपटतो. नवे कोरे बूट घालून विमानात बसू नका. आधी दीड-दोनशे किलोमीटर ते पायात हवेत.

सराव तीन महिने. पर्वतीच्या पायऱ्या ठीक आहेत, पण कामिनोत एका दिवसाचं चालणं अवघड नसतं. काल २४ किमी चाललेल्या पायांनी आज पुन्हा २४ चालणं अवघड असतं. म्हणून लागोपाठ दोन दिवस, भरलेली पिशवी घेऊन चाला. शनिवारी सिंहगड आणि रविवारी 'आज नको' वाटत असताना पुन्हा पंधरा-वीस किमी. उतरण्याचा सराव मुद्दाम करा. गुडघे उतारावर जातात, चढावर फक्त दम जातो.

६. पोचणं आणि क्रेदेन्सियाल

सँ-जाँला जायला पॅरिसहून रेल्वेनं बायोन, तिथून तासाभराची छोटी गाडी. किंवा माद्रिदहून पाम्प्लोना आणि पुढं बस. सार्रियाला माद्रिदहून रेल्वेनं जाता येतं.

सँ-जाँच्या मुख्य गल्लीत यात्रेकरूंचं कार्यालय आहे. तिथं काही युरोंत क्रेदेन्सियाल मिळतं: घडीचं लांबलचक पुठ्ठ्याचं पुस्तक, तुमचा यात्रेकरूचा पासपोर्टच. धर्मशाळेत खाट याच्यावर मिळते. मुक्कामाला, चर्चमध्ये, चहाच्या टपरीवजा बारमध्ये त्यावर शिक्का मारून घ्यायचा. त्याला सेयो म्हणतात. एरवी दिवसाला एक चालतो, पण शेवटच्या १०० किमीत रोज दोन हवेतच. सार्रियाहून निघणारे पहिल्याच दिवशी हे विसरतात. क्रेदेन्सियाल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसात शाई पसरली की सगळं जांभळं होतं.

७. पहिला दिवस घाईत घालवू नका

सँ-जाँ ते रोन्सेस्वाय्येस २५ किमी आहे आणि चढण साडेबाराशे मीटरच्या आसपास. म्हणजे सिंहगडाच्या पायवाटेची चढण दोनदा, एका दमात. निम्म्या दुखापती इथंच होतात असं मला दर मुक्कामावर ऐकू आलं, आणि लंगडणारे लोक पाहून ते पटलंही. आठ किमीवर ओरिसॉन हा मुक्काम आहे. तिथली जागा महिने आधी राखून ठेवा आणि पहिला दिवस दोन दिवसांत वाटून घ्या. ओरिसॉननंतर रोन्सेस्वाय्येसपर्यंत गाव नाही, त्यामुळे पाणी आणि खाणं भरून निघा.

माथ्यावर, लेपोएदेर खिंडीत, उतरायच्या दोन वाटा फुटतात. सरळ जाणारी बीचच्या झाडीतून घसरत उतरते. उजवीकडची इबान्येता खिंडीकडे वळसा घालते, थोडी लांब पण सौम्य. उजवीकडे वळा. मी सरळ गेले होते. पुढचे चार दिवस जिन्यावरून उलटी उतरत होते.

हवा वाईट असेल तर कार्यालयातले लोक डोंगराची वाट सोडून वालकार्लोसच्या खालच्या वाटेनं जा म्हणतात. त्यांचं ऐका.

८. अल्बेर्गे, म्हणजे धर्मशाळा

दुमजली खाटा, सामायिक न्हाणीघर. सरकारी अल्बेर्गेत दहा युरोंच्या आसपास, खासगीत पंधरा ते वीस. काही ठिकाणी दर नाही, दानपेटी असते. तिथं फुकटात झोपून निघून जाणारेही पाहिले. तुम्ही तसं करू नका.

साधारण दुपारी एकला दार उघडतं, रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत बाहेर. बूट दाराशी मांडणीत, पिशवी खाटेवर नाही. गादीच्या शिवणी आधी टॉर्चनं बघा, ढेकूण असतात. पहाटे निघायचं असेल तर सामान रात्रीच बाहेरच्या खोलीत काढून ठेवा. पहाटे पाचला प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर करणाऱ्या माणसाचा सगळी खोली मनातल्या मनात उद्धार करत असते.

दिवसाला ४० ते ५० युरो धरा. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण लहान गावांत आणि दानपेटीत रोखच लागते.

९. शाकाहारी असाल तर

हे नीट वाचा. 'वेजेतारियानो' म्हटलं की मटण-चिकन नाही एवढंच बऱ्याच जणांना कळतं. सॅलड मागितलं तर वर ट्यूना मासा येतो. मसुराचं सूप मागितलं तर त्यात चोरिसो सॉसेजचे तुकडे. गॅलिसियातलं पालेभाजीचं सूप दिसतं साधं, पण बहुधा डुकराच्या हाडावर शिजवलेलं असतं. पाठ करा: "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन." मांस नको, मासा नको, हॅम नको. तिन्ही वेगवेगळं सांगावं लागतं, कारण हॅमला कुणी मांसात मोजतच नाही.

अंडं चालत असेल तर सुटलात. बटाटा-अंड्याचं जाड तोर्तिया प्रत्येक बारमध्ये, सकाळपासून. नसेल चालत तर टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या पाद्रोनच्या मिरच्या, फळं, सुका मेवा, आणि स्वयंपाकघर असलेल्या अल्बेर्गेत स्वतःचा भात. मेतकूट मी ठेवून घेतलं ते याचसाठी. लोग्रोन्योत गुरगुट्या भात केला, वर ऑलिव्ह तेल आणि मेतकूट. तुपाची सर नाही आली. पण कोरियाची एक मुलगी वाटी पुढं करून दुसऱ्यांदा मागायला आली. तूप घरून न्यायचा मोह आवरा. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. पेढेही त्यातच आले.

वेळा सांभाळा. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद आणि रविवारी जवळजवळ पूर्ण बंद. हॉटेलात रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी सहसा मिळत नाही; यात्रेकरूंचा मेनू लवकर मिळतो, बारा-पंधरा युरोंत.

१०. वाटेवर

रस्ता चुकणं कठीण आहे. भिंतींवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर पिवळे बाण आणि शिंपल्याची खूण. हे बाण वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावच्या एलियास वालिन्या या पाद्रींनी १९८० च्या दशकात रंगवायला सुरुवात केली. दहा मिनिटं बाण दिसला नाही तर परत फिरा. मोबाईलमध्ये डोकं घालून चालणारेच चुकतात.

मोजा आत टोचायला लागला, घोटा गरम वाटला, की त्या क्षणी थांबा. पुढच्या गावात बघू म्हणालात की फोड आला. सकाळी तळव्यांना व्हॅसलीन, दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर. फोडात सुई-दोरा घालून दोरा आतच ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका, त्यातून जंतू आत जातात. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचं दुकान, आणि तिथल्या लोकांनी आयुष्यभर यात्रेकरूंचेच पाय पाहिलेले असतात. आणीबाणीसाठी ११२.

कारिओन दे लोस कोंदेसच्या पुढं १७ किमी एकही गाव नाही. दोन लिटर पाणी घेऊन पहाटे निघा. हा मेसेता पठाराचा भाग कंटाळवाणा म्हणून लोक बसनं टाळतात. मला तोच आवडला. कापणी झालेली शेतं, सरळ रस्ता, पुढं चार माणसं मुंगीएवढी. मनातल्या मनात हरिपाठ म्हणत दोन दिवस गेले ते कळलंही नाही.

क्रूस दे फेर्रो इथं लाकडी खांबावर लोखंडी क्रूस आहे आणि पायथ्याशी लोकांनी घरून आणलेल्या दगडांचा ढीग. दगड न्यायचा असेल तर सुपारीएवढा न्या. त्यानंतरचा मोलिनासेकापर्यंतचा उतार पूर्ण वाटेवरचा सगळ्यात वाईट, सुटे दगड. तिथं काठ्या लागतात म्हणजे लागतात.

११. सांतियागोत

आधी कॅथेड्रलसमोरच्या चौकात पिशवी टाकून बसा. मग यात्रेकरू कार्यालयात जा. नोंदणी ऑनलाइन करून ठेवली तर काम लवकर होतं. क्रेदेन्सियालवरचे शिक्के तपासतात आणि लॅटिनमधलं कोम्पोस्तेला विनामूल्य देतात. अंतराचं वेगळं प्रमाणपत्र हवं असेल तर थोडे पैसे पडतात. यात्रेचं कारण विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक सांगितलं तर कोम्पोस्तेला, नाहीतर दुसरा कागद. हिंदू असण्याची अडचण कुणी काढली नाही.

कॅथेड्रलमध्ये पाठपिशवी नेता येत नाही, आधी मुक्कामावर ठेवा. दुपारी बाराची यात्रेकरूंची प्रार्थना गाठायची तर अकरालाच जागा धरा. धुपाचं ते अजस्र झुलणारं पात्र, बोताफुमेइरो, रोज फिरवत नाहीत. माझ्या दिवशी ते नुसतं लटकत होतं.

पोस्टातलं खोकं घ्यायला विसरू नका, पावती लागते. अंगात बळ असेल तर समुद्राकाठच्या फिस्तेरापर्यंत आणखी सुमारे ९० किमी चालता येतं, नाहीतर बस आहेच. माद्रिदला रेल्वेनं साडेतीन तासांच्या आसपास.

परतीच्या विमानातही काठ्या केबिनमध्ये चालत नाहीत, आणि माझ्याकडे चेक-इन सामान नव्हतं. अल्बेर्गेच्या दाराशी एक पत्र्याचं पिंप होतं, त्यात आधीच दहा-बारा काठ्या उभ्या होत्या. माझ्या दोन्ही त्यात ठेवल्या आणि स्टेशनकडे निघाले.